घाट उतरवणारा माणूस : क्लेसी कमिन्स

आमच्या घरी रात्री अकराला फोन वाजला तर कुणी घाबरत नाही. पहाटे तीन-चारच्या दरम्यान वाजला तर मात्र पहिल्या रिंगलाच मम्मी उठून बसते. त्या वेळेला पप्पा अनमोड घाटात असतात.

पप्पा ट्रक चालवतात. बेळगावात भाजी भरायची, रात्री निघायचं, खानापूर, लोंढा, रामनगर करत अनमोड गाठायचं, तिथून घाट उतरून मोले, आणि उजाडायच्या आत गोव्याच्या बाजारात माल टाकायचा. आपल्याकडे गोव्यातल्या लग्नाच्या जेवणातली कोबी कुठून आली हे कुणी विचारत नाही. ती बहुतेक वेळा घाट उतरून आलेली असते.

मी आठवीत असताना एका पावसाळी रात्री त्यांच्या गाडीचे ब्रेक घाटात गेले. पप्पांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली, गटारीत चाक घातलं आणि कशीबशी थांबवली. क्लिनरच्या कपाळाला चार टाके पडले, पप्पांचा खांदा दोन महिने वर जात नव्हता. भाजी रस्ताभर सांडली होती. दुसऱ्या बाजूला दरी होती, हे त्यांनी मम्मीला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, तेसुद्धा खूप वर्षांनी.

त्यानंतर त्यांनी जी गाडी धरली तिला एक्झॉस्ट ब्रेक होता. बारावीच्या सुट्टीत मी एकदा हट्ट करून त्यांच्यासोबत गेले. उतार लागायच्या आधीच पप्पांनी गिअर खाली घेतला, एक स्विच दाबला, आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. जड, दबलेला, घशात कोंडलेल्या खोकल्यासारखा. पाय ब्रेकवर नव्हता, तरी भरलेली गाडी कुणी मागून दोर धरून सोडावी तशी सावकाश उतरत होती. हे काय केलं म्हणून विचारलं तर म्हणाले, सायलेन्सरच्या वाटेत एक झडप आहे, ती बंद केली की इंजिनाचा श्वास कोंडतो, आणि कोंडलेलं इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पुढे म्हणाले, ब्रेक घाटात वापरायचे नसतात, राखून ठेवायचे असतात.

मी साहित्याची विद्यार्थिनी. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. पण वाङ्मय मंडळाने या अंकासाठी चरित्रलेख मागवले, माझ्या मैत्रिणींनी कवी, संत, समाजसुधारक निवडले, आणि मला त्या झडपेचीच आठवण आली. घाटात ट्रक सावकाश उतरावा म्हणून कुणीतरी, कधीतरी डोकं चालवलं असणार. शोधत गेले तेव्हा जे नाव सापडलं ते मला आधीपासून माहीत होतं. आपल्या सगळ्यांनाच माहीत असतं. फक्त ते माणसाचं नाव आहे हे माहीत नसतं.

ते नाव म्हणजे कमिन्स.

पुण्यात माझी मावसबहीण इंजिनिअरिंग शिकायला गेली तेव्हा घरात कमिन्स कॉलेज, कमिन्स कॉलेज असं सारखं कानावर पडायचं. जनरेटरवर हे नाव दिसतं, ट्रकच्या इंजिनावर दिसतं, कोथरूडच्या कारखान्याच्या संदर्भात ऐकू येतं. मला वाटायचं, कंपनीला द्यायचं म्हणून दिलेलं काहीतरी इंग्रजी नाव असेल. पण क्लेसी लायल कमिन्स नावाचा एक हाडामासाचा माणूस होता. २७ डिसेंबर १८८८ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हनी क्रीक नावाच्या खेड्यात, शेतावरच्या घरात तो जन्मला.

१८८८ हे साल वाचून मी जरा थबकलेच. बेळगावकरांना ते ओळखीचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बेळगावात सायकलचं दुकान काढलं ते याच साली. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो. एकीकडे बेळगावातलं सायकलचं दुकान, दुसरीकडे इंडियानातलं शेतावरचं पोर. ही दोन आडनावं पुढे चौऱ्याहत्तर वर्षांनी, १९६२ मध्ये, पुण्यात एका पाटीवर एकत्र आली : किर्लोस्कर कमिन्स. पण ते नंतर.

क्लेसीचं शाळेतलं शिक्षण आठवीपर्यंतच झालं. हात मात्र आधीपासूनच यंत्राकडे धावायचे. अकरा वर्षांचा असताना त्याने शेतावर एक वाफेचं इंजिन तयार केलं. लाकूड कोरून साचे केले, त्यात वितळलेलं लोखंड ओतलं, आणि सुटे भाग स्वतः घडवले. आपल्याकडे या वयाची मुलं मातीचा किल्ला करतात. ह्या मुलाने चालणारं यंत्र केलं. पुढची काही वर्षं तो मिळेल ते मिस्त्रीकाम करत फिरला. मोटारगाड्या तेव्हा नव्या होत्या, सारख्या बिघडायच्या, आणि त्या दुरुस्त करू शकणारा माणूस सोन्यासारखा वाटायचा.

१९०८ मध्ये इंडियानातल्याच कोलंबस गावी विल्यम ग्लँटन अर्विन नावाच्या बँकरने त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. गाडी चालवायची आणि तीच गाडी नीट ठेवायची, असं दुहेरी काम. हे वाचताना मला फार बरं वाटलं. ज्याच्या नावाने आज जगभर इंजिनं विकली जातात त्या माणसाची पहिली महत्त्वाची नोकरी ड्रायव्हरचीच होती. मालकाच्या गाडीत बसून मालकाची वाट बघणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं.

अर्विनचं वेगळेपण असं की त्याने आपल्या ड्रायव्हरमधला कारागीर ओळखला. त्याच्याच जागेत, त्याच्याच पैशावर क्लेसीचं छोटं वर्कशॉप उभं राहिलं. पहिल्या महायुद्धात तिथे सैन्याच्या गाड्यांच्या चाकांचे तुंबे बनले. आणि ३ फेब्रुवारी १९१९ रोजी कमिन्स इंजिन कंपनी सुरू झाली. डोकं आणि नाव ड्रायव्हरचं, भांडवल मालकाचं.

कंपनी डिझेल इंजिनं बनवणार होती. तेव्हा हे वेड्यासारखं होतं. जर्मन इंजिनिअर रुडॉल्फ डिझेल याचं इंजिन तोपर्यंत जहाजांत आणि कारखान्यांत बसलं होतं, पण ते अवजड आणि संथ. रस्त्यावरच्या गाडीत डिझेल बसवायचं ही कल्पना अमेरिकेत फारशी कुणाच्या मनात नव्हती. कमिन्सने एका डच पद्धतीचा परवाना घेऊन छोटी इंजिनं बनवायला घेतली. सिअर्स रोबक या टपालाने माल पाठवणाऱ्या मोठ्या दुकानाने ती शेतकऱ्यांना विकायचं ठरवलं. आता वाटलं, सुटलो. पण सिअर्सचा नियम होता की माल पसंत नसेल तर परत करा, पैसे घ्या. शेतकरी हुशार. हंगामभर इंजिन वापरायचे आणि काम संपलं की परत पाठवायचे. कंपनी बुडता बुडता राहिली. अर्विनने पुन्हा पैसे घातले. मग पुन्हा. मग पुन्हा. कंपनीला पहिला नफा दिसला तो १९३७ मध्ये, म्हणजे सुरू झाल्यावर अठरा वर्षांनी. एवढी वर्षं नफ्याशिवाय विश्वास ठेवणारा मालक आजच्या काळात शोधून सापडायचा नाही.

१९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीने होतं नव्हतं तेही गेलं. कंपनीची इंजिनं तोवर मुख्यतः बोटींवर जायची, आणि बोटी घेणारे श्रीमंतच उरले नाहीत. अर्विन कंपनी बंद करायच्या विचाराला आला. तेव्हा क्लेसीने एक जुनी पॅकार्ड गाडी घेतली, तिचं पेट्रोल इंजिन काढलं आणि त्या जागी आपलं डिझेल इंजिन कोंबून बसवलं. १९२९ च्या ख्रिसमसच्या दिवशी तो ती घेऊन अर्विनच्या दारात गेला आणि मालकाला फेरफटका मारून आणला. अमेरिकेत डिझेलवर चाललेली ही पहिली मोटारगाडी मानतात. फेरफटका संपला तेव्हा कंपनी बंद करण्याचा विषयही संपलेला होता.

नंतरची दोन वर्षं क्लेसी नुसता धावत होता. जानेवारी १९३० मध्ये तीच गाडी घेऊन तो इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. सुमारे ८०० मैलांच्या प्रवासाला इंधन लागलं १ डॉलर ३८ सेंटचं. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलून धरला. मग डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर डिझेल गाडीच्या वेगाचा विक्रम. १९३१ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत. तिथे त्याची डिझेल गाडी डेव्ह इव्हान्स या चालकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही न थांबता नेली. त्या शर्यतीत असं आधी कुणी केलं नव्हतं. नंबर तेरावा आला. पण इतर गाड्या इंधनासाठी थांबत असताना ही गाडी आपली चाललेलीच होती, आणि क्लेसीला लोकांना तेच दाखवायचं होतं.

यात मला एक गोष्ट दिसते. त्याचा सगळा जोर न थांबण्यावर होता. कमी खर्चात, न थांबता, लांबवर जाणं. थांबायचं कसं, हा प्रश्न अजून त्याच्यासमोर आलाच नव्हता.

तो आला त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये.

या वेळी क्लेसीने इंजिन ट्रकमध्ये बसवलं, कारण खरा ग्राहक तिथेच होता. इंडियाना याच नावाचा ट्रक, त्यात कमिन्स डिझेल. न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जायचं, तीन हजारांहून जास्त मैल. सोबत दोन माणसं. सगळ्या प्रवासाचा डिझेलचा खर्च जेमतेम ११ डॉलरच्या घरात. लॉस एंजलिस जवळ आलं होतं, विक्रम हातात आला होता. मधे फक्त एक उतार राहिला होता.

त्या उताराचं नाव कहोन खिंड. कॅलिफोर्नियात मोहावीचं वाळवंट उंचावर आहे आणि सॅन बर्नार्डिनो गाव खाली. दोन डोंगररांगांच्या मधून रस्ता उतरतो, रेल्वेही तिथूनच उतरते. क्लेसीचा ट्रक उतरायला लागला आणि वेग घ्यायला लागला. ब्रेक दाबले, तापले, आणि धरेनासे झाले. त्या काळच्या गिअरबॉक्समध्ये वेगात असताना खालचा गिअर टाकणं जवळपास अशक्य. म्हणजे पायात ब्रेक नाही, हातात गिअर नाही, आणि मागे भार. अशा अवस्थेत समोर रेल्वेचं फाटक दिसलं. फाटकातून मालगाडी चालली होती.

मालगाडी लांब असते. आपण फाटकावर उभे असतो तेव्हा डबे मोजून मोजून कंटाळतो. क्लेसीने ते डबे कसे पाहिले असतील हे मला सांगता येणार नाही, पण माझ्या पप्पांना येईल. ट्रक रुळांवर पोचला त्या क्षणी गार्डचा शेवटचा डबा फाटकातून सरकून गेला. मधे अंतर राहिलं ते इंचांत मोजण्याएवढं. ट्रक रूळ ओलांडून पलीकडे गेला आणि पुढे सावकाश थांबला. तिघेही वाचले. लॉस एंजलिसही गाठलं. विक्रम झाला.

लोकांनी विक्रम लक्षात ठेवला. क्लेसीने घाट लक्षात ठेवला.

त्याला बसलेला धक्का नुसता जिवाचा नव्हता, असं मला वाटतं. त्यात एक अडचणीची गोष्ट होती, आणि ती समजायला मला पप्पांची आणि सायकलच्या पंपाची मदत घ्यावी लागली.

ब्रेक म्हणजे शेवटी घासणं. घासलं की उष्णता. सपाट रस्त्यावर ती उष्णता निघून जाते, पण लांब उतारावर सतत पाय ठेवला तर ड्रम लालबुंद होतात, लायनिंगची पकड जाते, आणि पेडल दाबलं तरी काही होत नाही. म्हणून घाटात गाडीला इंजिनाने धरायला हवं. पेट्रोलचं इंजिन हे बऱ्यापैकी करतं. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की हवा आत यायची वाट जवळजवळ बंद होते, आणि इंजिनाला त्या अरुंद वाटेतून हवा ओढताना जोर लागतो. तो जोर गाडीच्या वेगातून खर्च होतो, म्हणून गाडी अडते.

डिझेलच्या इंजिनाला हवेची ती वाट बंदच नसते. ते कायम पोटभर हवा घेतं आणि फक्त डिझेल कमी-जास्त करतं. ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल थांबतं, हवा येतच राहते. पिस्टन ती हवा दाबतो. आता सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवून दांडा दाबून बघा. दाबताना ताकद लागते, पण दांडा सोडला की तो आपोआप उसळून वर येतो. लावलेली ताकद बरीचशी परत मिळते. डिझेल इंजिनात तेच होतं. हवा दाबताना गाडीचा वेग थोडा कमी होतो, आणि तीच हवा उसळून पिस्टनला ढकलते तेव्हा तो वेग परत मिळतो. धरल्यासारखं करतं आणि सोडून देतं.

म्हणजे क्लेसीने ट्रकवाल्यांना जे इंजिन दिलं, ज्याच्या स्वस्ताईचे आकडे तो गावोगाव मिरवत होता, तेच इंजिन उतारावर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कमी धरत होतं. ते जेवढं विकलं जाईल तेवढे जास्त भार, जास्त ट्रक घाटांत उतरणार होते. कहोनच्या फाटकात त्याला दिसली ती त्याच्या स्वतःच्या कामातली उणीव होती.

त्याने लगेच काही केलं का? नाही. आणि हे लपवायचं कारण नाही. पुढची वीस-बावीस वर्षं तो कंपनी उभी करण्यातच होता. ती उभी राहिलीही. नफा सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धात इंजिनांना प्रचंड मागणी आली, युद्धानंतर अमेरिकेत मोठे हमरस्ते झाले आणि लांब पल्ल्याचे ट्रक डिझेलवर गेले. अर्विन १९४३ मध्ये वारला. कंपनी अर्विनच्या घरातल्या पुढच्या पिढीच्या हातात गेली, आणि १९५५ मध्ये क्लेसी तिच्यातून बाजूला झाला. कॅलिफोर्नियात राहायला गेला. वय सदुसष्टच्या आसपास. या वयात माणसं नातवंडं खेळवतात. हा पुन्हा वर्कशॉपमध्ये शिरला आणि त्या घाटाकडे वळला.

एक्झॉस्टची झडप तोवर माहीत होती, डोंगराळ मुलखांत ती वापरतही होते. पप्पांच्या गाडीत आहे तीच. धूर बाहेर पडायच्या पाइपमध्ये फुलपाखराच्या पंखासारखी एक चकती. ती आडवी केली की वाट बंद. पिस्टनला आतली हवा बाहेर ढकलायची असते, पण बाहेर जागाच नाही, तिथे दाब साठलेला. त्या दाबाविरुद्ध ढकलताना इंजिन थकतं आणि गाडी मंदावते. साधी, स्वस्त, भरवशाची युक्ती. पण तिला मर्यादा आहे. पाइपमधला दाब फार वाढला तर तो उलटा इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हना ढकलून उघडतो, कारण ते फक्त स्प्रिंगच्या जोरावर मिटलेले असतात. म्हणजे श्वास कोंडायचा तोही बेताने. अमेरिकेतल्या लांबलचक उतारांवर, तिथल्या भारांना, हे पुरत नव्हतं.

क्लेसीने दुसऱ्या टोकाने विचार केला. धूर जायची वाट अडवण्यापेक्षा दाबलेल्या हवेची उसळीच काढून घेतली तर? पुन्हा पंपाकडे या. दांडा पूर्ण दाबून झाला की त्याच क्षणी तोंडावरचा अंगठा काढा. हवा फुस्सकन निघून जाईल, आणि दांडा उसळणार नाही. दाबायला लावलेली ताकद गेली ती गेली. इंजिनात हेच करायचं : पिस्टन हवा दाबून वर पोचला की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडायचा. मग दर फेऱ्याला गाडीचा थोडा वेग हवा होऊन सायलेन्सरमधून निघून जाणार. गाडी ओढणारं इंजिन उतारावर गाडीचा वेग खाणारा पंप होणार.

अडचण होती ती नेमक्या क्षणाची. तो व्हॉल्व्ह बरोबर त्याच वेळी उघडणार कोण? उत्तर त्याच्याच इंजिनात होतं. कमिन्सच्या इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला एक दांडा ढकलतो, आणि तो बरोबर पिस्टन वर पोचायच्या सुमारास हलतो. उतारावर डिझेल बंद असतं, पण दांड्याचं हलणं चालूच असतं, फुकट. क्लेसीने तेलाच्या दाबाच्या साहाय्याने ते फुकट जाणारं हलणं एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत पोचवलं. नवं घड्याळ लावावं लागलं नाही. इंजिनात आधीपासूनच जे टिकटिकत होतं तेच कामाला आलं. एवढी वर्षं तो ज्या इंजिनासोबत जगला, त्यातच हे पडून होतं.

आता वाटेल की सगळे धावत आले असतील. नाही आले. त्याने ही कल्पना इंजिन बनवणाऱ्यांकडे नेली आणि नकार घेऊन परतला. इंजिन विकणाऱ्याला जोर विकायचा असतो, थांबवणं विकायला कुणी उत्सुक नव्हतं. शेवटी ती घेतली जेकब्स नावाच्या कंपनीने. ही कंपनी ड्रिलमशीनचे चक बनवण्यासाठी प्रसिद्ध होती, ट्रकशी तिचा संबंध नव्हता. १९६१ मध्ये पहिले ब्रेक बाजारात आले, आणि ते बसले कमिन्सच्याच इंजिनांवर. कहोनच्या फाटकातून ट्रक निसटला त्याला तीस वर्षं झाली होती. १९६५ मध्ये क्लेसीच्या नावावर पेटंट मंजूर झालं.

ट्रकवाल्यांनी त्या ब्रेकला नाव दिलं जेक ब्रेक. जेकब्सवरून जेक. इंजिनावर क्लेसीचं नाव राहिलं, ब्रेकवर ड्रिलचे चक बनवणाऱ्या कंपनीचं. आज अमेरिकेत कितीतरी गावांच्या वेशीवर हा ब्रेक लावू नका अशा पाट्या आहेत, कारण सायलेन्सर धड नसला तर त्याचा आवाज मशीनगनसारखा फुटतो आणि लोकांची झोप उडते. लोकांची तक्रार खरी आहे. पण मी जेव्हा त्या पाट्यांचे फोटो पाहिले तेव्हा मला वाटलं, तो आवाज ऐकून कुणाच्या तरी घरी कुणीतरी निवांत झोपतही असेल.

१९६७ मध्ये क्लेसीचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. १७ ऑगस्ट १९६८ रोजी तो वारला. ऐंशीला चार महिने कमी होते. त्याचा मुलगा लायल पुढे डिझेल इंजिनांचा इतिहासकार झाला. इकडे पुण्यात त्याच्या नावाची इंजिनं बनतच होती, बेळगावच्या सायकलच्या दुकानातून वाढलेल्या घराण्याच्या सोबतीने. आणि २०२२ मध्ये एक गंमत झाली. कमिन्स कंपनीने जेकब्सची ती ब्रेक बनवणारी शाखा विकत घेतली. म्हाताऱ्याने दारोदार नेलेली वस्तू साठ वर्षांनी त्याच्याच नावाच्या घरात आली.

आपल्याकडच्या ट्रकांवर मात्र अजून जास्त करून एक्झॉस्टची झडपच दिसते. तिचे नियम पप्पांनी मला त्या एका रात्रीत शिकवले होते. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, नंतर नाही. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचा. इंजिन चांगलं फिरतं ठेवायचं, कारण मंद इंजिनावर झडपेचा जोर चालत नाही. न्यूट्रल तर कधीच नाही, डिझेल वाचवायला तर मुळीच नाही. आणि साधे ब्रेक थंड ठेवायचे, म्हणजे अचानक गवा आडवा आला की ते जागेवर हवेत.

हा लेख लिहून झाल्यावर मी पप्पांना वाचून दाखवला. रविवार होता, मिस्साहून आल्यावर ते अंगणात बसले होते. दाढीचा ब्रश हातात तसाच धरून त्यांनी सगळं ऐकलं. मालगाडीच्या जागी आले तेव्हा डोळे मिटले. संपल्यावर मला वाटलं इंजिनाबद्दल काही बोलतील, पंपाचं उदाहरण बरोबर आहे म्हणतील. त्यांनी एवढंच सांगितलं की चूक त्याची होती. वरतीच गिअर खाली घ्यायला पाहिजे होता. एवढं मोठं इंजिन बनवणारा माणूस, पण घाटात नवीन ड्रायव्हर करतो तीच चूक केली.

मग जरा थांबून म्हणाले की पण त्याने ती लक्षात ठेवली. आपण तर वाचलो की दुसऱ्या दिवशी विसरतो.

त्या रात्री बाराला ते निघाले. पहाटे साडेतीनला मला जाग आली. मम्मीही जागी होती, अंधारात तिच्या मोबाइलचा उजेड दिसत होता. फोन वाजला नाही. साडेपाचला पप्पांचा मेसेज आला : मोले.